गार फुफाटा

वास आधी आला. तो कशाचा, हे मागाहून कळलं.

पहाटेचे चार वाजून गेले होते. अस्वान शहर संपून वाळवंट सुरू होतं तिथल्या चौकीवर आमची बस थांबली होती आणि कागद तपासणं चाललं होतं. पाय आखडले म्हणून मी खाली उतरले, शाल डोक्यावरून घेतली, दोन पावलं टाकते न टाकते तोच तो आला. गार धुळीचा वास. रात्रभर उघड्यावर निजून गारठलेल्या, अजून कुणाच्या पावलाखाली न आलेल्या मऊ धुळीचा; त्यात थोडा राखेचा कोरडेपणा, थोडं रिकाम्या मडक्यात तोंड घातल्यावर येतं तसलं काहीतरी, आणि अगदी तळाशी, श्वास रोखून थांबलं तरच लागेल असा किंचित गोडवा. मी जागच्या जागी उभी राहिले. समोर नुसता काळोख, वर आमच्या गावात आता दिसेनाशा झालेल्या चांदण्या, आणि साठीला टेकलेली मी आठ वर्षांची होऊन एका बंडीच्या मागच्या कडेला पाय सोडून बसलेली.

"चला मंडळी, बसा लवकर. ऊन चढायच्या आत पोहोचायचंय," आमचा टूर मॅनेजर म्हणाला.

हेही वाक्य ओळखीचंच होतं.

फुफाटा हा शब्द आपण म्हणीत टाकून मोकळे झालो. आगीतून फुफाट्यात, म्हणजे एका चटक्यातून दुसऱ्या चटक्यात. पण ज्यांचं आजोळ काळ्या जमिनीच्या मुलखात आहे त्यांना फुफाट्याची दुसरी बाजूही ठाऊक असते. पांदणीतून पिढ्यान् पिढ्या बंड्या जातात, चाकांच्या लोखंडी धावांखाली माती दळून दळून मैद्यासारखी होते, घोटा बुडेल इतकी साचते. वैशाखात दुपारी त्यात अनवाणी पाय पडला तर तळव्याला फोड येतो, हे खरं. मात्र तोच फुफाटा पहाटे गार असतो. इतका गार की पाय ठेवला की वाटावं, पाण्यातच ठेवला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी जायचं ते असं. यवतमाळहून निघालेली एसटी बाभुळगाव मागं टाकून एका फाट्यावर आम्हाला सोडायची तेव्हा दिवस मावळलेला असायचा. आबाजी बंडी घेऊन आलेले असत, पण लगेच निघायचं नाही; बैल चालून दमलेले, वाटेत नाला, त्यात अंधार. फाट्यावरच्या कुणाच्या तरी ओसरीत अंग टेकायचं आणि पहाटेचा पहिला गारवा सुटला की आबाजी गालाला हात लावून उठवायचे. "ऊठ माय, ऊन व्हायच्या आंधी गाव गाठू." बंडीत कडबा अंथरलेला, त्यावर वाकळ, वाकळीवर मी आणि आई. बंडीखाली टांगलेला कंदील, आणि त्याच्या उजेडाचं एक हलतं, पिवळं वर्तुळ फुफाट्यावरून आमच्याबरोबर सरपटत चाललेलं. मी पालथी पडून, हनुवटी कडेला टेकून त्या वर्तुळाकडे बघत राहायची. चाकं आवाज करत नसत. फुफाटा सगळा आवाज पिऊन टाकायचा. नुसती कण्याची कुरकुर, बैलांचं फुरफुरणं, आणि झोप येऊ नये म्हणून पुढं पायी चाललेल्या आबाजींचं मधूनच खाकरणं. आणि तो वास.

पन्नास वर्षांत तो मला कुठंच भेटला नव्हता. भेटला तो कर्कवृत्ताच्या आसपास, आफ्रिकेत.

अस्वानहून अबू सिंबेल सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. तीन-साडेतीन तास जायला, तितकेच यायला, मधे दोन तास देवळं पाहायला. एका दिवसाची सहल. अबू सिंबेलचा अक्षांश नागपूरच्या किंचितच वर. म्हणजे तिथल्या माथ्यावरचा सूर्य जवळजवळ आपलाच. त्याच्यापासून पळायचं तंत्रही आपलंच: अंधारात निघा, सकाळी पोहोचा, दुपारी सावलीला या. फरक एवढाच की आबाजींच्या खिशात कांदा असायचा आणि इथं सगळ्यांच्या हातात पाण्याच्या बाटल्या.

बसमध्ये हळूहळू जाग आली. हॉटेलनं दिलेल्या खोक्यांत गार पाव, उकडलेलं अंडं आणि चीजचा एक तुकडा होता. ती खोकी मांडीवर तशीच राहिली आणि मागच्या बाकावरच्या काकूंनी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला. वाळवंट म्हणजे पिवळ्या लाटा, असं मी कॅलेंडरांवरून ठरवून आले होते. उजाडलं तेव्हा दिसलं ते निराळंच. सपाट, करडं, मधूनमधून काळ्या खड्यांचं, आणि त्यावर कुणी विसरून गेल्यासारख्या लहान टेकड्या. डाव्या खिडकीतून सूर्य आला. गुलाबी वगैरे काही झालं नाही. एकदम ऊनच झालं. नांगरून ठेवलेलं, पावसाची वाट पाहणारं माझ्या मुलखातलं रान मृगाच्या आधी असंच दिसतं. फक्त तिथं वाट पाहण्याला अर्थ असतो. इथं पाऊस येणारच नाही हे जमिनीला पक्कं माहीत आहे, आणि म्हणून की काय, तिच्या चेहऱ्यावर एक प्रकारची शांतता आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या बाईला त्या शांततेचा क्षणभर हेवा वाटला, हे कबूल करते.

आमचा वाटाड्या न्युबियन होता. तिशीतला, उंच, काळासावळा, सावकाश बोलणारा. देवळांच्या आत बोलायची वाटाड्यांना परवानगी नसते, म्हणून त्यानं बाहेरच, एका भिंतीच्या सावलीत, आम्हाला अर्धवर्तुळात बसवलं आणि प्लॅस्टिकमध्ये घातलेली चित्रं एकेक दाखवत गोष्ट सांगितली. रामसेस दुसरा, तीन हजार दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगर आत आत कोरत नेलेलं देऊळ. आपण वेरूळवाले, आपल्याला कोरीव देवळाचं काय कौतुक, असं एक आजोबा पुटपुटले आणि त्यांच्या सौभाग्यवतींनी त्यांना कोपरानं गप्प केलं. पुढं वाळूनं देवळाला गळ्यापर्यंत गिळलं. १८१३ साली बुर्कहार्ट नावाचा स्विस प्रवासी परत फिरता फिरता नुसता मान वळवून बघतो काय, तर वाळूतून प्रचंड मुकुट आणि चेहरे वर आलेले. १८१७ साली बेल्झोनीनं वाळू उपसून दार मोकळं केलं.

मग आम्ही टेकाडाला वळसा घालून पुढं गेलो आणि ते चौघे समोर आले.

चार पुतळे, बसलेले, प्रत्येक वीस मीटर उंच, आणि चौघेही तोच. चौपट रामसेस. पूर्वेकडं तोंड करून बसलेले, त्यामुळे सकाळचं ऊन सरळ चेहऱ्यांवर. राजाचा गर्व किती असावा याचं हसू येतं, पण चेहरे मात्र गर्विष्ठ नाहीत. ओठांच्या कोपऱ्यात जेवण झाल्यावर ओसरीत बसलेल्या माणसाचं समाधान आहे. डावीकडून दुसऱ्याचं धडच नाही. फार पूर्वी भूकंपात ते कोसळलं आणि त्याचं डोकं, खांद्याचा तुकडा, सगळं त्याच्याच पायाशी पडलेलं आहे. शेजारी राणीचं, नेफरतारीचं लहान देऊळ. तिथं राणीचे पुतळे राजाच्या उंचीचे आहेत. आमच्यातल्या सगळ्या बायकांनी तिथं फोटो काढले.

मोठ्या देवळाच्या दारात एक म्हातारा पहारेकरी लांबलचक किल्ली घेऊन उभा होता, तिथल्या जीवनचिन्हाच्या, अंखच्या आकाराची. ती हातात धरून फोटो काढू देतो आणि दोन नाणी घेतो. आत आठ खांबांना टेकून उभे आठ पुतळे, भिंतींवर कादेशची लढाई, घोडे, रथ. सगळ्यात आत अंधाऱ्या गाभाऱ्यात चौघे जण ओळीनं बसलेले: प्ताह, आमून-रा, खुद्द राजा, आणि रा-होराख्ती. वर्षातून दोनदा, २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला, उगवतीचं ऊन साठ मीटर आत येऊन गाभाऱ्याला लागतं. तिघे उजळतात, प्ताह तेवढा अंधारातच राहतो, कारण त्याचं नातं पाताळाशी. आम्ही गेलो तेव्हा जानेवारी होता. चौघेही अंधारात होते.

आणि मग बाहेर येऊन, तळ्याकाठच्या कठड्यावर बसल्यावर, वाटाड्यानं सांगितलं ते मी वाचून आले होते, तरी ऐकताना अंगावर काटा आला. हे देऊळ इथं नव्हतं.

नाईलवर अस्वानचं उंच धरण बांधायला १९६० साली सुरुवात झाली. देवळं पाण्याखाली जाणार हे ठरलं. युनेस्कोनं जगाला हाक घातली, आणि १९६४ ते १९६८ या चार वर्षांत हा अख्खा डोंगर करवतीनं कापून, हजारांवर तुकडे करून, एकेका तुकड्यावर आकडा टाकून, पासष्ट मीटर वर आणि दोनशे मीटर मागं पुन्हा जुळवला. मागचा डोंगरही बनवलेला. आत काँक्रीटचा घुमट आहे. दिशा ढळू दिली नाही, म्हणून सूर्य अजून वेळेवर आत येतो. आणि ते पडलेलं डोकं? तेही आणलं. उभं केलं नाही, दुरुस्त केलं नाही. जसं पडलं होतं, तसंच, तेवढ्याच अंतरावर ठेवलं. पडलेल्या वस्तूलाही तिची पडण्याची जागा असते, हे त्या इंजिनिअरांनी मानलं. मला हे फार मोठं वाटलं. त्या चौघांहूनही मोठं.

"आणि माणसं?" मी विचारलं.

तो हसला. बहुधा हा प्रश्न त्याला प्रत्येक सहलीत कुणीतरी एकजण विचारत असावा. माणसं पन्नास हजार होती, तो म्हणाला. इजिप्तच्या बाजूची तेवढी, सुदानातली वेगळी. त्याच्या आजीच्या गावाला १९६४ साली आगबोटीनं कोम ओम्बोकडे नेलं. सरळ ओळींत घरं. नदी दूर. आजीनं निघताना घराला कुलूप लावलं आणि लाकडी किल्ली बरोबर घेतली. ती त्याच्या वडिलांच्या कपाटात अजून आहे. तिचं दार आता तिथं, असं म्हणून त्यानं समोरच्या निळ्याशार पाण्याकडं हनुवटी उचलली. पाचशे किलोमीटर लांबीचं ते तळं उन्हात चमचमत होतं. सुंदर होतं. मला ते बघवेना.

कारण बेंबळेवर धरण झालं, तेव्हा माझं आजोळही असंच उठलं.

आमच्याकडं गावाच्या जमिनीचे दोन भाग: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. शेकडो वर्षं माणसं एका जागी राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या, पुन्हा उठल्या, राख आणि शेण आणि माती एकमेकांत मुरली, की ती जागा आपोआप पांढरी होते. पांढरीची माती घट्ट. धाब्यावर टाकली तर पाऊस आत येत नाही. काळी मात्र पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून शहाणी माणसं काळीवर घर बांधत नसत. नवं गाव बांधलं ते काळीवर. रुंद रस्ते, आकडे टाकलेले प्लॉट, मोकाट वारा, आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात भिंतींना बोट जाईल एवढ्या भेगा. गावाचं नाव तेच ठेवलं; पण तिथले लोक आजही विचारलं तर म्हणतात, "पुनर्वसनात राह्यतो."

उठताना गावानं जमेल ते सगळं नेलं. सागवानी दारं, चौकटी, खांब, कवेलू. मारुतीही नेला. त्याला हलवताना पिढ्यांचा शेंदूर भल्यामोठ्या पापुद्र्यासारखा सुटून आला आणि आत एक साधा, बोटांएवढ्या डोळ्यांचा, जवळजवळ बाळासारखा देव निघाला. म्हाताऱ्या बायका त्याला बघून रडल्या. आबाजी तोवर गेले होते, ते एका परीनं बरं. आजी होती. तिनं सगळं बांधलं आणि शेवटी स्वयंपाकघरातल्या उखळापाशी बसली. उखळ जमिनीत पुरलेलं, दगडाचं, तिच्या सासूच्याही आधीचं. मामा म्हणाला, आता काय करायचं ते, तिकडं चक्की आहे, मिक्सर आहे, आणि खणायला वेळ कुठाय, ट्रॅक्टर उभा आहे. खरंच होतं. आजी उठली.

नव्या घरात ती सहा वर्षं जगली. तक्रार म्हणून काही बोलत नसे. फक्त संध्याकाळी, कधी मी गेले असले तर, माझ्या हातावरून हात फिरवत मधेच म्हणायची, "माहं उखळ राह्यलं न वं तठीसा." चूक कुणाची ते तिनं कधी काढलं नाही. एवढंच, की राह्यलं.

अबू सिंबेलच्या कठड्यावर मी ते पडलेलं डोकं बघत बसले आणि मला त्या इंजिनिअरांचा राग आला. अगदी अन्यायाचा राग, मला कळत होतं. त्यांनी तर जग जिंकलं होतं. पण कुणी एका उखळावर आकडा टाकला असता तर काय गेलं असतं.

वाटाड्याला मी आजीचं सांगितलं नाही. सांगितलं ते भलतंच: की १९६१-६२ साली आमच्या देशातूनही पुरातत्त्वाची एक तुकडी तुमच्या न्युबियात आली होती, ब. ब. लाल यांची, अफ्येहला; पाणी यायच्या आत जे खणता येईल ते खणायला. आणि तिथली काळीतांबडी भांडी बघून त्यांना आपल्याकडच्या महापाषाणयुगातल्या भांड्यांची आठवण झाली. हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला फार आनंद झाला. "मग आपण शेजारीच," तो म्हणाला. त्यावर मागच्या काकूंनी उरलेल्या दोन पुऱ्या त्याच्या हातावर ठेवल्या.

परतीच्या वाटेवर भर दुपारी मृगजळ दिसलं. आयुष्यात कितीदा तो शब्द वापरला, पाहिलं पहिल्यांदाच. दोन्ही बाजूंना पाण्याची तळी, टेकड्यांची प्रतिबिंबं त्यांत उलटी, आणि बस जवळ जाताच सगळं कोरडं. सगळे खिडक्यांशी लोटले, मोबाईल काढले. माझे यजमान म्हणाले, अरे वा, हुबेहूब पाणी. मी डोळे मिटून घेतले. पाण्याखाली गेलेल्या गावाची माणसं पाण्याचा भास बघून हरखत नाहीत.

डोळे मिटल्यावर तो वास पुन्हा शोधला. दुपार झाली होती. फुफाटा तापला होता. वास नव्हता.

घरी आल्यावर मामाला फोन केला. त्याला देवळांत रस नव्हता. "तिकडं लांब धाग्याचा कापूस पाह्यला का?" हा त्याचा पहिला प्रश्न. तो कापूस उत्तरेला, नाईलच्या मुखाकडच्या काळ्या मातीत होतो, आम्ही दक्षिणेला होतो, हे ऐकून तो हिरमुसला. मग मी रामसेस सांगितला, तीन हजार दोनशे वर्षं सांगितली. तो म्हणाला, त्यात काय, आपल्या पाचखेडच्या टेकाडात नागपूरच्या विद्यापीठाच्या पोरांनी तीन हजार वर्षांपूर्वीचं घर काढलं. आणि ते खरं आहे. पाचखेड आमच्याच बाभुळगाव तालुक्यात. २०२३-२४ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागानं तिथलं पांढरीचं टेकाड खणलं. वर निजामाच्या काळातल्या टेहळणीच्या खुणा, त्याखाली मध्ययुग, त्याखाली सातवाहन, आणि सगळ्यात तळाशी लोहयुग. तिथं एक गोल घर सापडलं. भोवती लाकडी खांब, लोखंडाच्या वस्तू, मणी, आणि घरात चूल. रामसेस डोंगरातून स्वतःला चारदा कोरून घेऊन गेला, त्यानंतर दोन-अडीचशे वर्षांत कुणी बाई आमच्या मुलखात त्या चुलीपाशी फुंकणी घेऊन बसली असेल. तिचं नाव कुठंही कोरलेलं नाही. चूल मात्र जागेवर मिळाली.

या वर्षी मे महिन्यात मी गेले होते. धरणाचं पाणी उतरलं होतं आणि कडेचा गाळ उघडा पडून वाळला होता. मामानं पहाटेच नेलं, मोटारसायकलवर, ऊन व्हायच्या आधी. जुन्या पांदणीचा शेवटचा तुकडा अजून आहे. पुढं ती सरळ पाण्यात जाते. तिथं मी चपला काढल्या. दोन्ही पाय फुफाट्यात ठेवले आणि खाली बसून मूठभर धूळ नाकाशी नेली. होता. तोच होता.

मामानं पाण्याकडं हात करून जागा दाखवली: तो मारुतीचा पार, ती शाळा, ते आपलं घर. यंदा पाणी घरापर्यंत उतरलं नाही. उखळ तिथंच आहे.